आठ बोल्ट आणि एक व्याही

नाही, मला एक सांगा, बोल्ट म्हणजे काय मटण आहे का? पंगतीत बसून, वयाप्रमाणे, मानाप्रमाणे, 'हा तुमचा, हा तुमचा, घ्या हो, लाजता काय' असा वाटून घ्यायला? मटणाचं मी समजू शकतो. मेंढा कापला की सगळ्यात मानाच्या माणसाला कंबरेचं हाड, त्याच्या खालच्याला मांडीचं, त्याच्या खालच्याला नळीचं... आमच्या आत-बाशी गावात शेंबड्या पोरालासुद्धा पाठ असतं, आपल्या बापाच्या ताटात कुठलं हाड पडणार ते. चुकून एखाद्याला एक पायरी खालचं हाड गेलं तर तो माणूस तीन वर्षं तुमच्या दारात पाऊल टाकत नाही, आणि टाकलं तरी चहाला शिवत नाही! ते ठीक आहे. ती रीत आहे, बापजाद्यांची आहे, मी कोण बोलणार? पण गाडीच्या इंजिनात गंजून बसलेले बोल्ट? तेसुद्धा मानाप्रमाणे? आणि मी, बत्तीस वर्षं ज्याचे हात इंजिनात गेले तो कुबात मिस्त्री, माझ्याच अंगणात, माझाच पाना दुसऱ्याच्या हातात बघत, हात बांधून उभा! का? तर गाडी व्याह्यांची. आणि व्याह्यांना बोलणार कोण?

तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल कुबात उगाच कातावलाय. माझी मुलगी झिपार. एकुलती एक. बिश्केकला नर्सिंगच्या कॉलेजात होती, दोन वर्षं पुरी झाली, शेवटचं एक राहिलं, आणि जूनमध्ये तिचं लग्न झालं. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तो घरात बोलतच नाही, मग तक्रार कशाची करणार? गेली ती कोचकोरला सासरी. आता बोलणी झाली होती ना, तेव्हा मी घाबरत घाबरत विषय काढला होता. म्हटलं, व्याही, पोरीचं शेवटचं वर्ष तेवढं... तर व्याह्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी मान हलवली. आता ती मान 'हो' म्हणून हलली की घास खाली उतरवायला हलली, हे एक त्यांना ठाऊक आणि एक त्या घासाला! अडीच महिने आमच्या घरात हीच चर्चा. बायको म्हणते, वर-खाली हलली होती. मी म्हणतो, अगं, घास गिळताना माणसाची मान आडवी हलते का?

आणि कॉलेज सुरू पुढच्या सोमवारी. सोमवारी हजर झाली नाही तर यादीतून नाव जाणार. पोरगी फोनवर सासूच्या चोरून कुजबुजते, मागे गाय हंबरतेय, आणि ही म्हणतेय, "बाबा, तुम्ही विचारलंत का हो त्यांना?" दोन वर्षं पोरीनं थंडीत बसून माणसाच्या अंगातली हाडं पाठ केली, सगळी, एकूण एक, आणि आता काय, तर चौदा गाईंची धार काढतेय. रडू आलं मला, खरंच सांगतो, गाडीखाली झोपून रडलो, म्हणजे बुरुलला दिसायला नको. बुरुल म्हणजे माझी बायको. तिला दिसलंच.

आणि अशात, कॉलेजला आठ दिवस उरले असताना, तो रविवार उजाडला. रविवारी आमच्याकडे जनावरांचा बाजार. मी फाटकात उभा, आणि लांबून आवाज आला. घर्रर्रर्र फट फट घर्रर्रर्र! मला वाटलं, रणगाडा आला. शेजारचं कुत्रं साखळीसकट कोठारात पळालं. बघतो तर व्याही! बेइशेनाली व्याही, स्वतः, डोक्यावर लोकरी टोपी, पांढरा उंच कल्पाक, तीस वर्षांची जुनी जर्मन गाडी, आणि मागच्या सीटवर एक मेंढा, तोही भेदरून खिडकीतून बघतोय. दोलोनची खिंड ओलांडून आले होते तसेच. म्हणे, "कुबात व्याही, बाजारात मेंढा बदलायचाय, म्हटलं जाता जाता गाडीही दाखवू. जरा आवाज करतेय."

जरा! अहो, मला ते 'जरा' ऐकायला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं.

बॉनेट उघडलं. बघताक्षणी कळलं. इंजिनातून धूर बाहेर घेणारा लोखंडी मॅनिफोल्ड असतो ना, तो इंजिनाला आठ स्टडनी धरलेला असतो. स्टड म्हणजे बोल्टच, पण डोकं नसलेला. एक टोक इंजिनात, दुसऱ्या टोकावर नट. त्यातले दोन आपोआप तुटले होते, तिथून धूर फुसफुसत होता. उरलेले सहा असे गंजलेले, असे गंजलेले, की नट कुठे संपला आणि बोल्ट कुठे सुरू झाला हे सांगायला ज्योतिषी लागला असता. तीस वर्षं तापायचं, गार व्हायचं, तापायचं, गार व्हायचं. त्यांना काय पाना लावून गर्रकन फिरवायचं असतं? तुम्हीच सांगा! त्यांचे लाड करावे लागतात हो. आधी तेल पाजायचं, रात्रभर ठेवायचं. मग बर्नरनं लाल होईस्तोवर तापवायचं, मेणबत्ती टेकवायची, मेण वितळून आट्यांत शिरतं. हातोडीनं टिक टिक करायचं. मग पाना लावायचा, आणि सोडवायचं नाही! आधी केसभर आवळायचं. मग केसभर सैल. पुन्हा आवळायचं. रुसलेल्या बायकोची समजूत काढल्यासारखं. तासाला एक निघाला तरी मी म्हणतो नशीब. नाहीतर तो इंजिनातच मोडतो, आणि मग बसा कोरत.

हे सगळं मी व्याह्यांना सांगणार, तोंड उघडलंसुद्धा... आणि बघतो तर पाना त्यांच्या हातात!

आता त्यांचे हात तुम्ही बघितलेले नाहीत. हात नव्हेत ते, फावडी! माणूस पूर्वी सरकारी शेतावर ट्रॅक्टरांच्या तुकडीचा मुकादम होता, आणि चाळीस वर्षांनी अजून आहे असं त्याला वाटतं. "व्याही," म्हणाले, "मी चाळीस ट्रॅक्टर सांभाळलेत. तिथे काय तेल पाजत बसत होतो? लोखंड म्हणजे घोडा. त्याला कळलं पाहिजे, वर कोण बसलंय!" आणि पान्याच्या दांड्यावर एक पाईप चढवला, हा एवढा लांब, माझाच पाईप, आणि घातलं अंग.

कट्ट!

तुटला. इंजिनाच्या अंगाबरोबर, साफ. व्याह्यांनी हातातला तुकडा उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "कुजका होता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली हो! दुसरा कोणी असता ना, तर त्याच पाईपानं... पण व्याह्यांना बोलणार कोण? मी म्हटलं, "हो हो, कुजकाच दिसतोय." वर म्हटलं, "बरं झालं, कळलं तरी."

खिडकीतून बुरुल मला डोळ्यांनी खुणावतेय. विचारा! आता विचारा! कसं विचारू? पहिल्याच बोल्टला तोंडघशी पडलेल्या माणसाला मी पोरीचं कॉलेज विचारू? माणसानं वेळ बघावी की नाही?

बरं, व्याही घरी आले म्हणजे चहा पाजून वाटेला लावता येत नाही. मेंढा कापायलाच हवा. तो गाडीतला नाही, तो बिचारा बाजारात गेला, मी माझा कापला. आणि मेंढा कापला म्हणजे चार वडीलधारी बोलवायलाच हवीत, नाहीतर व्याह्यांचा मान काय राहिला? सोमवारी दुपारी जेवण. व्याही वरच्या जागी. त्यांच्या शेजारी तुर्दाके, वय एक्याऐंशी, आमच्या आळीतले सगळ्यात थोर, आशीर्वाद द्यायला बसले की चहाचा बर्फ होतो. त्यांच्या शेजारी मामाके. मामाके म्हणजे भूगोलाचे मास्तर, मला चौथीत शिकवलंय. अजून त्यांच्यापुढे मला काही बोलायचं असलं की माझा हात आपोआप वर जातो. सगळ्यांची हाडं ज्याची त्याला पोचली, घोडीच्या दुधाचा कुमिस झाला, तळलेले बोर्सोक झाले, रस्सा झाला, तुर्दाकेंनी हात पसरून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी 'ओमिन' म्हटलं, म्हणजे तथास्तु, तोंडावरून हात फिरले. मी म्हटलं, चला, आता मंडळी आडवी होतील, आणि मी निवांत बर्नर पेटवीन.

तर व्याही उठले आणि म्हणाले, "चला, गाडी बघू या."

संपलं! सगळे अंगणात. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण ज्या क्रमानं आत बसले होते त्याच क्रमानं बॉनेटभोवती उभे राहिले. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही, पाय आपोआप तिथे गेले. व्याह्यांनी पाना उचलला. मी म्हटलं, "व्याही, काल तेल घातलंय, ते जरा मुरू दे, उद्या..." ते म्हणाले, "तेल मुरलंय. कट्ट!" म्हणजे 'कट्ट' ते नाही म्हणाले, बोल्ट म्हणाला! चौथा गेला.

मी डोळे मिटले. उघडले तर पाना तुर्दाकेंच्या हातात! व्याह्यांनी स्वतः, दोन्ही हातांनी, मान वाकवून, कंबरेचं हाड पुढे करावं तसा दिला. "तुर्दाके, तुम्ही वडील. घ्या." आणि तुर्दाके? 'नको बाबा, मला गाडीतलं काय कळतं' असं म्हणतील की नाही? अहो, या माणसानं उभ्या आयुष्यात घोडा, गाढव आणि एकदा सरकारी हेलिकॉप्टर यापलीकडे वाहन पाहिलेलं नाही! पण मान आहे ना! नाकारला तर देणाऱ्याचा अपमान. त्यांनी पाना बगलेत धरला, दोन्ही हात पसरले, आणि आशीर्वाद सुरू. "या गाडीचा रस्ता मोकळा राहो... हिच्या धन्याला उदंड आयुष्य मिळो... हिच्या चाकाखाली दगड न येवो... खिंडीत बर्फ न लागो... जी गाठ बसली ती सुटो..." आम्ही सगळे हात पसरून उभे. इंजिनाला आशीर्वाद! दहा मिनिटं! ओमिन. तोंडावरून हात. आणि मग त्या एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानं, ज्याला घरात चमचा उचलून द्यावा लागतो, त्यानं असा हिसका मारला...

कट्ट.

आशीर्वाद दहा मिनिटं, बोल्ट एक सेकंद! आणि वर व्याही म्हणतात काय, "वा! अजून जोर आहे!"

मग मामाके. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "कुबात, उत्तर दिशा कुठली?" मला चौथीत असल्यासारखा घाम फुटला. मी हात वर केला. दाखवली. "मग हा सूर्य फिरतो त्या दिशेनं फिरवायचा," म्हणाले, आणि फिरवला. म्हणजे उलटा! आवळला हो त्यांनी! मी अर्धा सेकंद मनात म्हटलं, वा, मास्तर, नकळत का होईना, बरोबर केलंत, आधी केसभर आवळायचंच असतं... पण मास्तर केसभरावर थांबतात होय? ते चौथीतही कधी तासाला थांबले नाहीत. कट्ट. सहा.

राहिले दोन. मी पुढे झालो. म्हटलं, झालं, सगळ्यांना मिळालं, मान राहिला, आता पाना माझ्याकडे द्या. तर तुर्दाके घसा खाकरून म्हणतात, "माझा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलाय. तो आज येऊ शकला नाही." सगळे गंभीर झाले. व्याह्यांनी मान डोलावली. "खरंय. त्यांचा वाटा राहिला."

वाटा! अहो, जो पंगतीला येऊ शकत नाही त्याचं हाड फडक्यात बांधून घरी पाठवतात, ही आमची रीत, चांगली रीत आहे, मला मान्य आहे! पण बोल्ट कसा पाठवणार? तर तुर्दाके म्हणाले, त्याच्या वतीनं मी ओढतो. आणि पुन्हा हात पसरले, आणि पुन्हा आशीर्वाद, यावेळी भावाच्या तब्येतीसकट! मी आडवा पडायला हवा होतो त्या इंजिनावर. आडवा! म्हणायला हवं होतं, तुर्दाके, माझ्या प्रेतावरून जा. पण समोर व्याही, हात पसरून, डोळे मिटून उभे. व्याह्यांना बोलणार कोण? कट्ट. आणि जाताना तुर्दाकेंनी तो तुटका तुकडा खरंच रुमालात बांधून नेला. भावाला दाखवायला!

आठवा वाचला. का वाचला? कुणाला दया आली म्हणून? छे! तो इंजिनाच्या पार मागच्या कोपऱ्यात होता, कुणाचा पाना पोचेना म्हणून. मंडळी चहाला आत गेली तेव्हा मी गुपचूप बर्नर पेटवला, चोरासारखा, माझ्याच अंगणात चोरासारखा, आणि त्या आठव्याचा नट तापवून, गोंजारून काढला, मॅनिफोल्ड खाली उतरवला. इंजिनात आता सात तुटके बुंधे आणि एक उभा स्टड. तोही मधे गंजून बारीक झालेला, म्हणजे ठेवता येणार नाही, काढायलाच हवा.

आणि मंगळवारपासून माझी जी शिक्षा सुरू झाली! गाडी उघडी, म्हणजे व्याही कुठे जाणार? मुक्काम आमच्याकडे. सकाळी मी इंजिनात डोकं घातलं की डोक्यावर सावली पडते. वर बघतो तर व्याही, स्टुलावर, चहाचा वाडगा घेऊन. जे बुंधे जरा बाहेर डोकावत होते त्यांच्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं, त्या धगीनं बुंधा सैल होतो, मग नट फिरवला की आख्खा बाहेर. जे अंगाबरोबर तुटले त्यांना बरोबर मधोमध खूण करून ड्रिल मारायचं, आणि मधोमध म्हणजे मधोमध, जरा सरकलं की ड्रिल मऊ धातूत घुसतं आणि इंजिनाचं वाटोळं. श्वास रोखून करायचं काम. आणि कानाशी आवाज, "व्याही, असं नव्हे, असं." "व्याही, ट्रॅक्टरला आम्ही छिन्नीनंच..." "व्याही, तुमचा हात थरथरतोय." थरथरणार नाही तर काय करेल? तुम्ही स्टूल हलवताय!

माझी कंबर गेली. डोळे वेल्डिंगनं लाल. रोज मेंढ्याचं उरलेलं, रोज चहा, रोज ट्रॅक्टर. आणि रोज दुपारी फोन, "बाबा, विचारलंत?" मी म्हणायचो, "विचारतो गं, जरा बोल्ट..." ती म्हणाली, "बाबा, आज बुधवार आहे." एवढंच म्हणाली. आणि बुरुल म्हणाली, "तुम्हाला लोखंडाची समजूत काढता येते, माणसाची नाही! तीन दिवस माणूस तुमच्या डोक्यावर बसलाय, एक वाक्य बोलता येईना? मी बोलू?" मी म्हटलं, तू नको, विहिणीच्या नात्यात आणखी बिघडेल. ती म्हणाली, "बिघडायला राहिलंय काय? आठपैकी सात तर मोडलेत!"

गुरुवारी सकाळी सातवा बुंधा निघाला. सातच्या सात, इंजिनाला ओरखडा नाही! मला स्वतःला शाबासकी द्यावीशी वाटली, दुसरं कोण देणार? राहिला आठवा. त्याचे मी तीन दिवस लाड केले होते. रोज तेल, रोज आच, रोज मेण, रोज टिक टिक. टोकाला दोन नट एकमेकांवर घट्ट आवळले, म्हणजे पाना धरायला जागा झाली. पाना लावला. केसभर आवळला. केसभर सैल... आणि तो हलला! तुम्हाला सांगतो, तो 'कुंई' असा बारीक आवाज आला ना, जगात त्याच्याइतकं गोड काही नाही. लेकरानं झोपेत कूस बदलावी तसा आवाज. आता फक्त हळूहळू, मागे-पुढे, अर्ध्या तासाचं काम.

आणि सावली पडली.

"व्याही," सावली म्हणाली, "हा मी काढतो."

काय झालं मला कोण जाणे. तीन दिवसांची झोप नाही, कंबर मोडलेली, बुधवार जाऊन गुरुवार आलेला. मी पाना सोडला नाही. म्हटलं, "काढा. पण आधी एक विचारतो. झिपारचं शेवटचं वर्ष आहे. सोमवारी कॉलेज आहे. तुम्ही जेवताना मान हलवली होती. ती हो म्हणून की..." खिडकीत बुरुल, हातात पीठ, पुतळा झालेली.

व्याह्यांनी कल्पाक मागे सारला, पुढे ओढला. म्हणाले, "घरात चौदा गाई आहेत. हिच्या सासूचे गुडघे गेलेत." मी म्हटलं, "नर्स झाली तर सासूच्या गुडघ्यांचं घरीच बघेल." हे मला कुठून सुचलं मला माहीत नाही, बहुतेक बुरुलनं खिडकीतून पाठवलं. त्यांनी स्टडवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "बरं. हा सुटला, तर पोरगी जाईल. माझा शब्द." आणि माझ्या हातातून पाना घेतला!

घ्या! विचार करा हो, विचार करा! आठवड्यात दोन बोल्ट स्वतः मोडलेला, उरलेले मोडताना 'वा वा' म्हणणारा माणूस, त्याच्या त्या फावड्यांत माझ्या पोरीचं आख्खं वर्ष! मधे काडीइतका बारीक झालेला तो स्टड! आणि त्यांनी काय केलं? इकडेतिकडे बघितलं, आणि पाईप शोधला. पाईप चढवला पान्यावर. पाय रोवले. खांदे वर घेतले...

"थांबा!"

मी ओरडलो. मी! व्याह्यांवर! अंगणातल्या कोंबड्या गप्प झाल्या. "पाईप खाली ठेवा! पाना असा धरा! खांदा नाही, मनगट! आवळा आधी, सोडवू नका, आवळा! केसभर! बस्स! आता मागे. केसभर! म्हटलं ना केसभर, तुमच्या ट्रॅक्टरचा केस नव्हे, माणसाचा!" आणि त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, दाबून, चौथीतल्या पोराचा हात धरून मास्तर मुळाक्षरं गिरवतात तसा. आणि तो एवढा मोठा माणूस, मुकादम, चाळीस ट्रॅक्टरांचा धनी, गोगलगाय झाला हो! "असं?" म्हणतोय. "आता मागे?" म्हणतोय. त्यांच्या कपाळावरून घाम इंजिनावर टपटपतोय. पुढे. मागे. कुंई. पुढे. मागे. कुंई... एक आटा. दोन आटे. माझा जीव माझ्या मुठीत नव्हता, त्यांच्या मुठीत होता. वीस मिनिटं. मग पाना हलका झाला, आणि स्टड, आख्खा, टोकापासून टोकापर्यंत, त्यांच्या तळहातावर येऊन पडला.

"सुटला!" व्याह्यांनी असा आवाज दिला की आळीतून तुर्दाके काठी टेकत आले. "सुटला! मी सोडवला!" मला मिठी मारली, ग्रीससकट. तिथल्या तिथे घरी फोन लावला, म्हणाले, "झिपारला सांग, सामान बांध. सोमवारी कॉलेज आहे ना तिचं! कुणाच्या लक्षात कसं नाही?" पलीकडून पोरीचा आवाज आला, मग हुंदका आला. बुरुल पिठाच्या हातांनी तोंड झाकून भिंतीला टेकली. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. म्हटलं, नवे स्टड बसवायचेत, कुणी मध्ये येऊ नका.

पोरगी गेली. बिश्केकला आहे. शब्दाला माणूस पक्का, ते मी नाकारत नाही, रविवारी स्वतः गाडीतून सोडून आले, आवाज न करणाऱ्या गाडीतून. सगळं छान झालं. मग मी का ओरडतोय? सांगतो ना!

त्यानंतर पाच जेवणं झाली. एक बारसं, दोन लग्नं, एक घरभरणी, एक कुणाचं तरी सैन्यातून परत येणं. आणि पाचही ठिकाणी व्याही वरच्या जागी बसून काय सांगतात? "माझे कुबात व्याही मिस्त्री चांगले आहेत हो, पण हात जरा घाईचा. आठ बोल्ट होते. सात यांच्याकडून मोडले. शेवटी मी म्हटलं, व्याही, बाजूला व्हा. एकच राहिला होता, तो मी केसभर आवळून, केसभर सैल करून, आख्खा बाहेर काढला! लोखंडाची समजूत काढावी लागते!" आणि तुर्दाके मान डोलावतात! मामाके मान डोलावतात! ज्यांनी माझ्यादेखत तोडले ते! आणि आता आख्ख्या कोचकोरमधून लोक अडकलेले बोल्ट घेऊन व्याह्यांकडे जातात. त्यांच्याकडे! आणि ते मला फोन करतात, "व्याही, मेणबत्ती कुठली घ्यायची?"

आणि सगळी पंगत माझ्याकडे वळते. "काय कुबात, खरं का? सात तुम्ही मोडलेत?"

झिपारची शेवटची परीक्षा जूनमध्ये आहे. मी घास गिळतो आणि म्हणतो, "हो हो, सातच्या सात मीच मोडले. त्यातले दोन आधीच तुटून आले होते ना, तेसुद्धा मीच."